उभी राहिलेली पेंढी

बायबलच्या जुन्या करारात एकाही बाईला स्वप्न पडलेलं नाही. खोटं वाटत असेल तर काढून बघा. राजांना पडली, राजांच्या नोकरांना पडली. याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला, तरी त्याला पडलं. तुरुंगातल्या आचाऱ्याला पडलं. शत्रूच्या छावणीतल्या एका साध्या शिपायालासुद्धा पडलं, की जवाची भाकर गडगडत आली आणि तिने तंबू आडवा केला. म्हणजे भाकर स्वप्नात येते, पण भाकर थापणारीला स्वप्न पडत नाही. नव्या करारात त्या रोमी सुभेदाराच्या बायकोला एक पडलं, तर नवऱ्याने ते कानाआड केलं आणि हात धुऊन मोकळा झाला.

हा शोध माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे. सोनईच्या पुढे आमचं गाव. तिथल्या मिशनच्या शाळेत ते मास्तर होते आणि आठवड्यातून एकदा उपदेशकही. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना व्हायची. गायनं झाली, साक्षी झाल्या, की लोक आपापली स्वप्नं सांगायचे आणि वडील शास्त्र काढून त्यांचा अर्थ लावायचे. फक्त आमचीच माणसं नव्हती बरं का. शेजारच्या पाटलांच्या घरातल्या बायकाही ओट्यावर येऊन बसायच्या. शनिवारी शिंगणापूरला तेल वाहायला जायच्या आणि शुक्रवारी आमच्याकडे स्वप्न घेऊन यायच्या. एकीला स्वप्नात व्यालेली म्हैस दिसली, दुसरीला कोरडी विहीर. वडील कुणाला परत पाठवत नसत. मिसरचा फारो राजा तरी कुठे आपल्यातला होता, त्याच्याही स्वप्नाचा अर्थ योसेफाने लावलाच की, म्हणायचे.

पण त्यांची एक रीत होती. पुरुषाने स्वप्न सांगितलं की ते विचारायचे, "काय दिसलं?" बाईने सांगितलं की विचारायचे, "कोणासाठी?"

कारण शास्त्रात बाईला स्वप्न नाही. मग हिला पडलं कसं? तर देवाने निरोप पाठवला आहे घरातल्या पुरुषासाठी, आणि दारात बाई उभी होती म्हणून तिच्या हातात दिला. टपाल शेजारणीकडे टाकून जावं तसं. आमच्या वस्तीवरच्या एका विधवेला तिची मेलेली आई स्वप्नात वेणी घालताना दिसली. किती साधं, किती तिचं स्वप्न. वडिलांनी ते तिच्या सासऱ्याच्या दम्याला लावलं. ती बाईही मान डोलवून गेली घरी. तिला वाटलं असेल, चला, आपल्या हातून सासऱ्याचं भलं झालं. आईची वेणी राहिली बाजूला.

मी दहा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट सांगते. ज्वारीची काढणी चालू होती. शाळेला सुट्टी दिली होती आणि वडिलांसकट आम्ही सगळे रानात होतो. आई पोटुशी होती, तरी तीही होती. मोठी माणसं कणसं मोडून घ्यायची आणि मी उरलेल्या ताटांच्या, म्हणजे कडब्याच्या, पेंढ्या बांधायची. दिवसभर वाकून वाकून पाठीचा पार भुगा झाला होता. एका पेंढीला बांधायला हाताशी काही सापडेना, तर मी केसांतली लाल रिबीन सोडून बांधली आणि नंतर ती कुठली, हे शोधत बसले. सापडली नाही. आईने पाठीत एक धपाटा घातला.

त्या रात्री मला स्वप्न पडलं. आमचंच रान. सगळ्या पेंढ्या भुईवर पडलेल्या. त्यातली एक आपोआप उठून उभी राहिली, तिला माझी लाल रिबीन होती. मग बाकीच्या उठल्या, तिच्याभोवती गोल जमल्या आणि वाकल्या. बस्स, एवढंच. पण मला इतका आनंद झाला होता की जागी झाल्यावरही मी कितीतरी वेळ तशीच पडून राहिले.

आता कुणी म्हणेल, रविवारच्या शाळेत योसेफाची गोष्ट ऐकली होती, त्याच्या पेंढीपुढे भावांच्या पेंढ्या वाकतात ती, तीच डोक्यात राहिली असेल. असेल की. त्याच शास्त्रात हेही लिहिलंय की फार काम केलं की स्वप्नं पडतात. मीही आज तेच म्हणते. त्या स्वप्नाचा अर्थ इतकाच असावा की पोरीची पाठ दुखत होती. पण अर्थ काही का असेना, पाठ माझी होती आणि रिबीनही माझी.

शुक्रवारी मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. दहा वर्षांच्या पोरीला कुठली अक्कल. मला वाटलं, बाबा खूश होतील, योसेफाचं नाव घेतील. वडिलांनी डोळे मिटले. मग विचारलं, "कोणासाठी?"

मी म्हणाले, माझ्यासाठी. रिबीन माझी होती.

बायका हसल्या. वडील हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडले ते आईच्या पोटाकडे बघत. म्हणाले, तोंड पोरीचं आहे, पण निरोप पोटातल्यासाठी आहे. मुलगा होणार आणि तो देवाच्या कामाला उभा राहणार. सगळे आमेन म्हणाले. आईनेही म्हटलं. मी तिच्याकडे बघत होते, तर तिने पदर पोटावर ओढून घेतला. शाळा सुरू व्हायच्या आत भाऊ झाला. मग काय, वडिलांचं स्वप्नशास्त्र साऱ्या पंचक्रोशीत गाजलं.

मला एक सांगा, योसेफाच्या स्वप्नाला अर्थ लावणारा लागला होता का? त्याच्या भावांना ऐकल्या ऐकल्या समजलं, म्हणून तर ते चिडले. अर्थ लावायला माणूस लागतो तो फारोसारख्या परक्या राजाला. ज्याचं त्याला पडलं आणि ज्याचं त्याला कळलं, तिथे मधल्या माणसाचं काम काय? योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं, त्याचा झगा काढून घेतला, त्याला विकून टाकलं. पण त्याचं स्वप्न त्याच्यापाशी राहिलं हो. ते कुणी काढून घेतलं नाही. मला कुणी विहिरीत टाकलं नाही, उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही. नुसतं माझं स्वप्न उचललं आणि पाळण्यात ठेवलं.

भाऊ वाईट नव्हता. गोड पोरगं होतं, माझ्याच कडेवर वाढलं. पण त्याला रडूही दिलं नाही कुणी नीट. तो रडला की, स्वप्नातलं लेकरू आहे ते, घे त्याला, असं मला ऐकावं लागायचं. पाच वर्षांचा असताना पाहुण्यांसमोर त्याला स्टुलावर उभं करायचे आणि तो हात पसरून पेंढी व्हायचा. पाहुणे कौतुकाने वाकायचे. मी चहा करत असायची.

दहावी झाले तेव्हा मला नर्स व्हायचं होतं. मिशनच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनी स्वतः घरी येऊन सांगितलं होतं, पोरीला पाठवा, तिचे हात चांगले आहेत. मी पांढरे बूट डोळ्यांसमोर ठेवून झोपायची त्या दिवसांत. वडील म्हणाले, मुलाला नगरला बोर्डिंगात ठेवायचंय, तुझी आई एकटी पडेल, तिला झेपत नाही. मी रडले, भांडले. तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे मला सांगितलं, "तुझ्याच स्वप्नात आहे ते. तुझी पेंढी वाकली होती ना?"

 माझी पेंढी उभी होती. वाकल्या त्या बाकीच्या. पण इतकी वर्षं ते स्वप्न दर शुक्रवारी वडिलांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यात माझी जागाच बदलली होती. सगळ्या वस्तीला ते तसंच पाठ होतं. माझ्याच स्वप्नात मला आडवं पाडून ठेवलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मी गावातल्या अंगणवाडीत लागले. लग्न झालं, नवरा साखर कारखान्यात होता, भला माणूस आहे. वडील गेले, आई माझ्याकडे आली. भाऊ पाळक झाला, चर्चचा धर्मगुरू. नगरला त्याच्या चर्चची मोठी मंडळी आहे, कीबोर्ड आहे, भिंतीवर पडदा आहे आणि त्याचा संदेश मोबाईलवर लोक बघतात. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईनेच एकदा मला दाखवला, ताई, तुमचा भाऊ बघा किती छान बोलतो. मी बघितलं. तो सांगत होता, माझ्या जन्माआधी माझ्या आईला स्वप्न पडलं. एक पेंढी उभी राहिली, तिला लाल फीत होती, ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण.

माझी रिबीन! दहा पैशांची, नेवाशाच्या बाजारातली, जिच्यापायी मी धपाटा खाल्ला ती. डोक्यात अशी तिडीक गेली की मी मोबाईल त्या बाईच्या हातात आदळला. आधी स्वप्नात आडवी केली होती, आता स्वप्नाबाहेरच काढलं. आता ते आईचं झालं होतं. म्हणजे आमच्याकडे बाईला स्वप्न पडू शकतं, फक्त ती आई पाहिजे आणि मुलगा पाळक.

मी त्याला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाळकांना सवय असते. म्हणाला, ताई, बाबांनी मला असंच सांगितलं होतं. आणि कुणाला पडलं याने काय फरक पडतो, देवाने दाखवलं हे महत्त्वाचं. मी त्याला शास्त्रातल्या यिर्मयाच्या पुस्तकाची आठवण करून दिली. एकमेकांपासून वचनं चोरणाऱ्या संदेष्ट्यांवर देव किती संतापलाय तिथे, आणि त्याच ठिकाणी स्वप्नांची गोष्ट काढून विचारतो की भुसकटाचा गव्हाशी संबंध काय. तू तर हे शिकलायस, परीक्षा दिलीयस त्याची. तो म्हणाला, ताई, तुझ्या मनातली कटुता जावी म्हणून मी प्रार्थना करीन. मी फोन ठेवून दिला. माझी कटुता मला पुरेशी आहे, तिला कुणाच्या प्रार्थनेची गरज नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत त्याचाच फोन आला. कापणीचा सण मोठा करायचाय. आईला घेऊन ये, तिची साक्ष ठेवली आहे, ती लोकांना स्वप्न सांगेल. आणि ताई, येताना चार पेंढ्या कडबा आण, इथे शहरात मिळत नाही. काय बोलावं माणसाने? नवरा म्हणाला, जाऊ दे, कशाला जीव जाळतेस, नको जाऊ. मी हो म्हणाले. का, तर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आई बोलणार आहे. सगळ्यांदेखत, माईकवर. वडील राहिले नाहीत, आता तिला कुणाची भीती? तिने एकदा म्हणावं, माझ्या लेकीला पडलं. बस्स. मला नर्सिंग परत नको होतं, भावाची माफी नको होती. माझं होतं ते माझं म्हणायला जगात एकच माणूस शिल्लक होतं, आणि ते माझ्या घरात, माझ्या हातची भाकरी खात होतं.

मी तिला तसं सांगितलं. न्हाऊ घालताना, गोळ्या देताना, पुन्हा पुन्हा. तू त्याच्याविरुद्ध काही बोलू नकोस, त्याला खोटं पाडू नकोस, नुसतं एवढंच म्हण. तिला आठवतंय का, हे आधी विचारलं होतं. तिला सगळं आठवत होतं, धपाटासुद्धा. ऐकून घ्यायची आणि म्हणायची, बघू. मला वाटलं, आई म्हणतेय म्हणजे होईल. आयांचं बघू म्हणजे बहुतेक वेळा होच असतं.

चर्च गच्च भरलं होतं. वेदीपुढे ऊस, केळीचे घड, भोपळे, पोती मांडली होती आणि मधोमध माझ्या चार पेंढ्या. त्यातली एक काठीच्या आधाराने उभी केली होती, तिला लाल सॅटिनची भलीमोठी फीत बांधली होती. बाकीच्या तिघी तिच्या पायाशी. पोरींनी छान सजवलं होतं, त्यांचा काय दोष? आईला खुर्चीवर बसवलं. भावाने गुडघे टेकून तिच्यासमोर माईक धरला, लोकांचे डोळे तेवढ्यानेच भरून आले. त्याने विचारलं, आई, ते स्वप्न तुला पडलं होतं ना?

आईने माझ्याकडे बघितलं. मी पहिल्याच बाकावर होते. तिची नजर अधू झाली आहे, पण मला तिने शोधलं आणि चांगलं बघितलं.  मी मान हलवली, बोल म्हणून.

"व्हय," ती म्हणाली. "मलाच पडलं हुतं."

आणि मग तिने ते सांगितलं. सगळं. पेंढ्या कशा पडल्या होत्या, एक कशी उठली, बाकीच्या कशा गोल जमल्या. जागं झाल्यावर किती आनंद झाला होता आणि उठावंसंच वाटत नव्हतं, हेसुद्धा. ते मी तिला एकटीला सांगितलं होतं, दहा वर्षांची असताना, चुलीपुढे बसून. इतकी वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं आणि असं खर्च केलं. छान सांगितलं हो तिने. मलाही तितकं चांगलं सांगता आलं नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कीबोर्ड सुरू झाला. शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, धन्य तुमची आई.

  परतताना घोडेगावच्या आसपास गाडीत तिला डुलकी लागली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी खांदा काढून घेतला नाही, पण मला तो काढायचा होता, हे खरं सांगते.

घरी आल्यावर ती ओट्यावरच्या खुर्चीत बसली. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं की असं का केलंस. माझा आवाज चढला होता. शेजारी ऐकतील याची मला शुद्ध नव्हती. मी सगळं बोलून घेतलं. त्या शुक्रवारी तू पदर का ओढलास, मेट्रनबाई आल्या तेव्हा गप्प का बसलीस, आणि आज तर विचारणारा बापही नव्हता, तुझं पोरगं होतं, तुझ्या पायाशी बसलं होतं. एक शब्द बोलली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?

तिने मला मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "त्याच्याकडं तेवढंच हाय गं."

मला आधी समजलं नाही. मग ती सावकाश सांगत गेली. लहानपणापासून त्याला दुसरं काही शिकवलंच नाही. अभ्यासात बेताचा, अंगात काम नाही, स्वतःचं असं काही आवडतही नाही त्याला. माणसं येतात ती स्वप्नातला मुलगा बघायला. ते काढून घेतलं तर तो उभा कशावर राहील? मास्तरांनी ते त्याच्या पायाखाली घातलं, आता या वयात मी कसं ओढू? हे सगळं ती मला समजावत होती, जशी काही मी अंगणवाडीतली पोर आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला ते पटत होतं. पटलं म्हणून राग कमी झाला, असं मात्र नाही.

"आणि माझ्याकडे गं?" मी विचारलं. "माझ्याकडे काय आहे?"

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. असला कसला प्रश्न विचारतेस, असं.

"तुला मी हाय की," ती म्हणाली.

  दिवसभर खुर्चीत बसून तिचे पाय सुजले होते आणि चपलेचा पट्टा आत रुतला होता. तो तिला निघेना. तिने पाय माझ्यापुढे केला. मी खाली वाकले आणि पट्टा सोडला.